कुरडयांचा चीक आणि अक्काचं स्वादुपिंड

अकोल्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायला लागले तेव्हा आमच्याकडे स्वादुपिंडाची एकच स्लाइड होती. मुलं वर्गभर आणि स्लाइड एक. ती फुटू नये म्हणून मी सूक्ष्मदर्शकापाशी पट्टी घेऊन उभी राहायची आणि भिंग खाली घालताना जो घाई करील त्याच्या बोटांवर हाणायची. कॉलेजातल्या मुलांना कोणी मारतं का, असं प्राचार्यांनी एकदा मला बोलावून विचारलं. दुसरी स्लाइड आणून द्या, मग नाही मारणार, असं मी सांगितलं. ती काही आली नाही.

त्या स्लाइडवर माझा जीव होता. गोल गोल रचलेल्या पेशी, बुडाशी जांभळ्या, आणि वरच्या टोकाला, जिथून रसाची नळी सुरू होते तिथे, लाल दाण्यांनी ठासून भरलेल्या. ते दाणे म्हणजे पाचकरसांच्या पुरचुंड्या. याच रसांनी आपण खाल्लेलं मटण पचतं, डाळ पचते. पण पेशी तरी कशाची असते? तीही मांसाचीच. मग ती स्वतःला का पचवत नाही? हा प्रश्न मी दर वर्षी फळ्यावर लिहायची, आणि दर वर्षी सगळा वर्ग वहीत काहीतरी महत्त्वाचं शोधल्यासारखं करायचा.

मग मीच सांगायची. हे रस जन्मतात तेच कुलूप लावून. पेशीच्या बुडाशी ते बनतात, तिथून चपट्या पिशव्यांच्या एका चळतीत येतात, आणि तिथे त्यांची निवड होते. हा माल घरात वापरायचा, हा बाहेर पाठवायचा. बाहेरचा माल पुरचुंडीत बांधून नळीच्या तोंडाशी रचून ठेवतात. जेवण पोटात उतरलं की पुरचुंड्या नळीत रिकाम्या होतात, रस आतड्यात पोचतो, आणि तिथे त्याचं कुलूप उघडणारा दुसरा रस वाट बघत असतो. पानाच्या डब्यात चुना वेगळ्या खणात आणि कात वेगळ्या खणात. ते लाल होतात ते तोंडात गेल्यावर. अकोल्याच्या पोरांना हे पटकन कळायचं, कारण अर्ध्यांच्या खिशात चुन्याची डबी असायची.

आणि कुलूप आतच उघडलं तर? तेही एकदा आम्ही बघितलं. खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं स्वादुपिंड औषधात घालायचं राहून गेलं. कॉलेजातला गडी सुट्टीवर होता, वाटी तशीच झाकून राहिली. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर आत राखाडी गाळ. मुलं नाक दाबून म्हणाली, सडलं. मी म्हटलं, सडलं नाही, यानं स्वतःलाच खाल्लं. मोठ्या रुबाबात म्हटलं. पोरांचे डोळे मोठे झाले ते बघून मला बरं वाटलं, आणि मी वाटी धुवायला पाठवून दिली.

त्याच वर्षी मे महिन्यात मी अमरावतीला मायकडे गेले. ही साठ सालानंतरची गोष्ट. वडील वारले होते. घरात माय एकटी आणि सुट्टीत मी. आम्ही धम्म घेतला तेव्हा मायनं देव्हाऱ्यातले सगळे देव स्वतःच्या हातानं पदरात बांधून नदीत सोडले होते, आणि त्या कोनाड्यात आता माझी पदवी घेतानाची तसबीर होती. माय रोज ती पुसायची. मला लाज वाटायची, पण पुसू नको म्हणायची सोय नव्हती.

माझी थोरली बहीण, अक्का, धामणगाव रेल्वे या गावी दिलेली. दर उन्हाळ्यात ती कुरडया करायला माहेरी यायची, कारण मायच्या हाताखाली केल्याशिवाय कुरडया होतात यावर तिचा विश्वासच नव्हता. त्या वर्षी ती एक दिवस उशिरा आली. भाऊजींच्या नात्यात लग्न होतं. इकडे मायनं गहू भिजत घातलेले, ते तसेच राहिले, आणि अक्का उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच मायच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"पाह्य, मोड आले गव्हाले! आता चीक सैल व्हईन. लग्नात पुऱ्या हानत बसली, इकडे माहे गहू वाया गेले."

"सैल तं सैल, तुले काय लग्नात वाढाच्या हायेत का कुरडया?" अक्का म्हणाली आणि लुगडं खोचून वाटायला बसली. भाऊजी तिला सोडायला आले होते, ते हसत राहिले. धामणगावच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते, बोलणं मोजकं. संध्याकाळपर्यंत गहू वाटून, पिळून, कपड्यानं गाळून चीक पातेल्यात निवळत ठेवला. सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं, चीक शिजवायचा, आणि अंगणातल्या बाजेवर वडिलांचं जुनं धोतर अंथरून त्यावर कुरडया पाडायच्या. दर वर्षीचं ठरलेलं.

सकाळी अक्का उठलीच नाही. म्हणजे उठली होती, पण भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून बसली होती. मला म्हणाली, "कोनीतरी पाठीतून सळई घालून राहिलं." मग ओकली. ओकून बरं वाटतं तसंही वाटलं नाही. तिला आडवं केलं तर किंचाळायची, पुन्हा पुढे वाकवून बसवलं की जरा दम खायची. तिच्या कपाळावरचा घाम गार लागत होता, मे महिन्यात, अमरावतीत. मी घाबरले. माय तिची पाठ चोळत म्हणत होती, काही नाई, लग्नाचं बाधलं. पण भाऊजी रिक्षा आणायला केव्हाच धावले होते.

दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात शेवटची खाट मिळाली, खिडकीजवळची. मोठे डॉक्टर आले. पोट कापण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे, आणि हे त्यांना माहीत होतं. त्यांनी अक्काच्या पोटावर तळवा ठेवला आणि दाबला. पोट फळीसारखं ताठ होतं.

"आतडं फुटलंय," ते म्हणाले. "उघडावं लागेल. आजच."

त्यांच्या मागे धाकटे डॉक्टर उभे होते, नुकतेच नागपूरहून आलेले. ते हळूच म्हणाले, "सर, स्वादुपिंडाची सूजही असू शकते. दुखणं पाठीत जातंय. पुढे वाकलं की कमी होतंय."

"असू शकते. आणि फुटलेलं आतडं मी उघडलं नाही तर उद्या ही नसू शकते."

"पण स्वादुपिंड असलं आणि आपण भूल देऊन पोट उघडलं..."

"तर बहुधा टेबलावरच जाईल. माहीत आहे मला." मोठे डॉक्टर चिडले नव्हते. थकले होते. "एक्स-रेचं यंत्र बंद. रक्ताची तपासणी नागपूरला. मी काय कुंडली बघू?"

त्यांनी सिस्टरला अवजारं उकळायला सांगितलं आणि संमतीचा कागद भाऊजींच्या हातात दिला. स्वादुपिंड हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांपुढे ती वाटी आली. राखाडी गाळ. मी धाकट्या डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं.

"नागपूरला कसली तपासणी पाठवता?"

"डायस्टेज. स्टार्च पचवणारा रस. स्वादुपिंडाच्या पेशी फुटल्या की त्यातला माल नळीतून जायच्या ऐवजी रक्तात झिरपतो, आणि रक्तातून लघवीत. लघवीत तो खूप निघाला तर..."

"ते मी करते."

"तुम्ही?"

"बीएस्सीच्या पोरांकडून दर वर्षी करून घेते. स्टार्चमध्ये आयोडीन घातलं की निळं होतं. रस असेल तर तो स्टार्च खातो आणि निळा रंग उडतो. तुमच्याकडे नळ्या आहेत, आयोडीन आहे. मला फक्त स्टार्च पाहिजे."

मोठ्या डॉक्टरांनी आतून ऐकलं होतं. "कोणाची तपासणी करता कॉलेजात?"

"बकऱ्याची."

"बरं," ते म्हणाले. "अवजारं उकळून, खोली तयार होईपर्यंत वेळ आहे. तेवढाच."

स्टार्च. अकोल्याला माझ्या कपाटात स्टार्चची सीलबंद बाटली होती आणि त्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. किल्ली अमरावतीत, बाटली अकोल्यात, कॉलेजला सुट्ट्या. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. मग एकदम आठवलं, घरात पातेलंभर चीक आहे. चीक म्हणजे दुसरं काय? गव्हाचा स्टार्चच तो. मी रिक्षावाल्याला पळव म्हटलं, घरी पोचले, वरचं पाणी ओतलं, तळाचा पांढराशुभ्र चीक भांड्यात घेतला आणि तशीच परत. येताना मायही माझ्याबरोबर आली. तिला वॉर्डात घेतलं नाही, एका पेशंटमागे एकच बाई. ती बाहेर व्हरांड्यात, खिडकीचे गज धरून उभी राहिली.

त्याच खिडकीखाली ड्रेसिंगचं टेबल होतं. धाकट्या डॉक्टरांनी नळ्या, स्पिरिटचा दिवा, आयोडीन आणून दिलं. चीक पाण्यात कालवून मी दिव्यावर धरला. गुठळी होऊ नये म्हणून हळूहळू, अगदी मंद तापवला, आणि नीट उकळायच्या आतच उतरवला, कारण उकळताना नळी फुटली असती तर सगळंच संपलं असतं. आयोडीनचे थेंब घातले. सुरेख निळं झालं. दोन नळ्यांत सारखं ओतलं. एका नळीत अक्काची लघवी, दुसरीत माझी. निरोगी माणसाच्या लघवीतही हा रस थोडा असतोच, म्हणून दोन्हीत आधी भरपूर पाणी मिसळलं. कॉलेजात आम्ही नळ्या कोमट पाण्यात ठेवतो. इथे त्याची गरज नव्हती, नळाचं पाणीच ऊन येत होतं.

भाऊजी कागद घेऊन माझ्याशेजारी उभे होते. अक्काला सुई दिली होती. ती उशांवर पुढे वाकून, डोळे अर्धे उघडे ठेवून पडली होती.

अक्काच्या नळीतला निळा रंग फिका व्हायला लागला. जांभळट, मग तांबूस, मग नुसतं पाणी. मी वर बघितलं, धाकटे डॉक्टरही वाकून बघत होते. मग त्यांचा चेहरा पडला. मी त्यांच्या नजरेमागे बघितलं. माझ्या नळीतलंही निळं चाललं होतं. थोड्याच वेळात दोन्ही नळ्या सारख्या दिसायला लागल्या. वरून आणखी आयोडीन टाकलं. निळं परत आलं नाही, कुठल्याच नळीत.

मोठे डॉक्टर येऊन उभे राहिले. दोन्ही नळ्या उजेडात धरल्या.

"दोन्ही बहिणींना एकच रोग," ते म्हणाले. "मग आधी कोणाला घेऊ?"

मला रडू आलं, रागानं. भाऊजींनी खिशातून पेन काढलं.

"भाऊजी, थांबा."

"किती थांबू वो? तिचं तोंड पाह्य. डाक्टर म्हनते फुटलं. तू म्हनते थांब. मी कोनाचं आयकू?"

"माझ्या नळीत रस असूच शकत नाही इतका. काहीतरी चुकलंय."

"चुकलं तं चुकलं, पन जीव तिचा हाय ना!"

ते खरंच होतं. मी टेबलाला धरून उभी राहिले आणि डोकं चालवायचा प्रयत्न केला. रस अक्काच्या लघवीतला नाही, माझ्याही लघवीतला नाही. मग तो तिसऱ्या कुठल्या तरी वस्तूतून आला. आणि तिसरी वस्तू एकच होती. चीक.

पाह्य, मोड आले गव्हाले. आता चीक सैल व्हईन.

मोड! गव्हाचा दाणा भिजून जागा झाला की त्याच्या सालीखालच्या पेशी हाच रस बनवतात. तशाच पिशव्यांत बांधतात, तसाच बाहेर सोडतात, दाण्यातलं पीठ पचवून कोंबाला खाऊ घालायला. हे मी वर्गात शिकवत नव्हते, ते वनस्पतिशास्त्राच्या बाईंचं काम, पण माहीत मला होतं. चांगलं माहीत होतं. एक दिवस जास्त भिजलेल्या गव्हाच्या चिकात हा रस भरलेला, आणि मी तो उकळून मारला तर नाहीच, उलट गोंजारत, मंद आचेवर, त्याला आवडेल तेवढंच तापवत बसले. नळ्यांत स्टार्च होता आणि त्याला खाणाराही आधीपासूनच आत होता. मला दुसरा स्टार्च हवा होता, ज्याला कधी मोड आले नाहीत आणि जो चांगला खदखदून उकळलाय.

"सिस्टर, पेशंटांना पेज देता ना? तांदळाची?"

"देतो. काहून?"

"एक वाटी आणा. वरची निवळ. आणि पुन्हा उकळून आणा."

"पेज पेशंटाची हाय, बाई."

"पेशंटासाठीच पाहिजे!" मी ओरडले. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. सिस्टर पुटपुटत गेली, पण पेज खळखळ उकळलेली घेऊन आली.

ती मी मलमपट्टीच्या जाळीदार कापडातून गाळली, निववली, आयोडीन घातलं. निळं. या वेळी तीन नळ्या. अक्काची, माझी, आणि तिसरी नुसत्या पेजेची, लघवी नसलेली. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारातून स्टोव्हची घरघर येत होती. मोठ्या डॉक्टरांनी हात धुवायला घेतले होते, साबणाचा वास वॉर्डापर्यंत येत होता. आपण इतक्या मोठ्यानं श्वास घेतोय की काय, असं मला वाटत होतं.

काहीच होत नव्हतं. तिन्ही नळ्या निळ्याच. भाऊजींनी कागद टेबलावर ठेवला आणि सही कुठे करायची ते बघायला लागले. मनात आलं, आतडंच फुटलंय. आपण एवढा वेळ तिच्या आयुष्यातला खाल्ला.

आणि मग अक्काच्या नळीतला निळा रंग कडेकडेनं मरगळल्यासारखा झाला. जांभळा झाला. मी दुसऱ्या नळीकडे बघितलं. निळी. तिसरी? निळीच. पुन्हा अक्काची. तांबूस, मग पिवळट, मग जवळजवळ पाणी. वरून आयोडीन टाकलं. पाणीच. माझी नळी आकाशासारखी निळी उभी होती आणि अक्काची रिकामी.

मी हसले. चक्क हसले. माझ्या बहिणीच्या पोटात तिच्याच पेशींच्या पुरचुंड्या फुटून तिला खात होत्या, त्याचा पुरावा माझ्या हातात होता, आणि मला इतका आनंद झाला की तोंड मिटेना. भाऊजींच्या हातातला कागद मी काढून घेतला.

मोठे डॉक्टर ओले हात वर धरून आले. या वेळी थट्टा केली नाही. विचारलं, "पिपेट तोंडानं ओढलीस? थुंकीतही हाच रस असतो."

"तोंडानंच ओढली. तिन्ही नळ्यांना. थुंकी गेली असती तर तिन्ही पांढऱ्या झाल्या असत्या."

त्यांनी तिन्ही नळ्या बराच वेळ बघितल्या. मग म्हणाले, "ही परीक्षा नाही, बाई. चुकलीस तर नापास तू होणार नाहीस, ती होईल."

"माहीत आहे."

"उद्या सकाळपर्यंत कापत नाही. नाकातून नळी घालू, सलाइन लावू, तोंडानं पाण्याचा थेंब नाही. मधे नाडी बिघडली तर मात्र मी तुला विचारायला येणार नाही."

मी मान हलवली. माय कुठे आहे म्हणून खिडकीकडे बघितलं, तर व्हरांडा रिकामा होता. उन्हानं दमली असेल, घरी गेली असेल, असं वाटलं. मला तेव्हा तिचा विचार करायला सवड नव्हती.

सकाळी अक्कानं स्वतः कूस बदलली. मोठ्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, दाबला, आणि हात काढून घेताना माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली. पोट मऊ पडायला लागलं होतं. मी धावत बाहेर आले. माय फाटकापाशी चौकीदाराशी काहीतरी बोलत उभी होती, आत यायलाच तयार नव्हती. बगलेत एक कापडी पिशवी होती. "अक्का बरी आहे," मी म्हटलं, आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिनं ती मला धरू दिली नाही. खाली बसली आणि चौकीदाराच्या स्टुलाला डोकं टेकवून रडली. म्हातारं माणूस, घाबरलं असेल, असं मी धरून चालले.

अक्काच्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले, त्यांनीच स्वादुपिंडाची नळी तुंबवली होती. थंडीत नागपूरला जाऊन ते काढले. तळलेलं कायमचं बंद झालं. पुढे बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की पेशीत आणखीही एक प्रकारच्या पिशव्या असतात, घरातला कचरा पचवणाऱ्या. कोणता रस कोणत्या पिशवीत जायचा, याची खूण त्या मालावरच लावलेली असते. या दुखण्यात ती व्यवस्था बिघडते. बाहेर जायचा कुलूपबंद माल आणि घरातला कचरा पचवणारा रस एकाच पिशवीत पडतात, आणि कुलूप आतच उघडतं. शिकवताना मात्र मी ते पानाच्या डब्यावरच भागवलं.

अकोल्याला परत गेल्यावर मी एक केलं. स्टार्चची एक बाटली तेव्हापासून माझ्याबरोबर फिरते. लोक हसतात, हसू देत.

आता उरलं ते एवढंच. दोन उन्हाळे गेल्यावर आम्ही तिघी पुन्हा अंगणात कुरडया पाडत होतो. गहू वेळेवर वाटलेले, चीक घट्ट. अक्का सोऱ्या दाबत होती. ज्या कुरडया तळून तिला कधी खाता येणार नव्हत्या, त्या ती सगळ्यात सुबक पाडायची. ती मजेत म्हणाली, "हे बाई माहा मूत पेजेत कालवून पाह्यत व्हती, आन् सिस्टर म्हने पेज पेशंटाची हाय!" मी हसले, अक्का हसली.

माय हसली नाही.

"त्या दिशीबी तू अशीच हासली," ती मला म्हणाली.

"कधी?"

"खिडकीतून पाह्यलं म्या. तुही नळी निळी राहिली. माह्या मोठीचा रंग उडाला. मले वाटलं, एक ठेवली, एक गेली. आन् तिचा रंग उडाला तं तू हासून राहिली."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "माय, रंग उडाला म्हणजे कापायचं नाही! ती चांगली खूण होती!"

"मले कोनं सांगतलं?" माय म्हणाली. रागानं नाही. "नवस बोलाले तोंड उघडलं म्या. पन कोनाले बोलू? समदे तं मीच नदीत सोडून आली व्हती. मंग घरी गेली. पेटीतलं कोरं पांढरं लुगडं काढलं, पिशवीत घातलं. तिच्या अंगावर टाकाले."

अक्का सोऱ्या थांबवून मायकडे बघत होती. मग म्हणाली, "मीबी पाह्यलं व्हतं तिले हासतानी. खाटेवरून. मले काई समजे ना, निळं काय न् पांढरं काय. म्हनलं, हे पोट्टी हासून राहिली, म्हंजे मी काई मरत नाई."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी विचारलं, "त्या लुगड्याचं काय केलंस मग?"

"नेसाची हिम्मत झाली नाई. फेकवे बी ना." मायनं हनुवटीनं बाजेकडे दाखवलं. वडिलांच्या जुन्या धोतराच्या जागी बाजेवर पांढरं लुगडं अंथरलेलं होतं, उन्हानं पिवळसर झालेलं, कडेकडेला कुरडयांचे वाळलेले गोल डाग. गेल्या वर्षीही आम्ही त्याच्यावरच कुरडया घातल्या होत्या.

अक्कानं ते एकदा नीट बघितलं. मग सोऱ्यात चीक भरला, वाकली, आणि त्याच्यावर पुढची कुरडई पाडली.